बोडी फुटल्याची बातमी

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला बातमीचे सहा ‘क’ शिकवले होते. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. परीक्षेत ते ओळीने लिहिले की गुण पडायचे. मग मी चंद्रपूरला एका दैनिकाच्या कचेरीत विद्यार्थी म्हणून काम शिकायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मला सातवा ‘क’ भेटला. तो म्हणजे ‘काऊन’. कुणी म्हणेल, ‘का’ आणि ‘काऊन’ यांत फरक तो काय! अहो, आहे ना. साहेबाला ‘का’ विचारलं की तो निवेदन देतो. माणसाला ‘काऊन’ विचारलं की तो खुर्ची ओढून बसतो आणि चहा संपेपर्यंत उठत नाही. माझी सगळी नोकरी त्या सातव्या ‘क’वर निभावली असं म्हटलं तरी चालेल.

आता मी या धंद्यात बऱ्यापैकी मुरले आहे, चष्म्याचा नंबरही त्या मानाने वाढला आहे. दरवर्षी नवी मुलं आमच्याकडे शिकायला येतात आणि विचारतात, “मॅडम, तुमची सगळ्यांत गाजलेली बातमी कोणती?” त्यांना वाटतं, मी वाघाचं नाहीतर निवडणुकीचं काही सांगेन. मी त्यांना जांभूळटोल्याच्या बातमीबद्दल सांगते. ती मी लिहिलेली नव्हती, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चूक होती.

आमची कचेरी टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात रबराचा वास आणि वर कोळशाची बारीक धूळ. चंद्रपुरात टेबल सकाळी पुसलं तरी दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आवृत्तीचे प्रमुख होते मधुकरभाऊ. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि रागावले की समोरच्याला एकदम ‘अहो-जाहो’ करायचे. मला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, “कुठची गं तू?”

“कुरखेड्याजवळची.”

“झाडी बोली येते?”

“घरी तेच बोलतो, भाऊ.”

“मग तुला फोनवर बसवतो. कॉलेजात शिकलीस ते थोडे दिवस विसर.”

फोनवर बसणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. लोकांना वाटतं, बातमी एक माणूस लिहितो. निदान आमच्या गडचिरोलीच्या पानावरची प्रत्येक बातमी दोन माणसं मिळून लिहायची. एक गावाकडचा वार्ताहर, दुसरा कचेरीतल्या टेबलावरचा. वार्ताहराचा पोटापाण्याचा धंदा वेगळाच असतो. कुणी शिक्षक, कुणाचं किराणा दुकान. कुरखेड्याच्या नानाजींचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिकडे तेव्हा इंटरनेट लहरीप्रमाणे यायचं आणि पावसाळ्यात रजेवरच जायचं. मग नानाजी फोन करून बातमी सांगायचे, पाठीमागे झेरॉक्सचं यंत्र खडखडत असायचं, आणि टेबलावरच्या माणसाने ती ऐकता ऐकता छापील मराठीत उतरवायची. नानाजी म्हणायचे, “रोवना आटोपला,” मी लिहायची, ‘भात लावणी पूर्ण’. ते म्हणायचे, “पोट्टे बोंबलून राह्यले,” मी लिहायची, ‘विद्यार्थ्यांमध्ये नाराजी’. कधी कधी वाटायचं, नानाजींचं होतं तसंच छापलं तर खप वाढेल.

मजेदार माणसं रोज यायची. एकदा एक गृहस्थ जिना चढून थेट मधुकरभाऊंसमोर उभे राहिले आणि त्यांनी पेपर टेबलावर आपटला. त्यांच्या गावच्या वृक्षारोपणाचा फोटो छापला होता. खाली उपस्थितांची नावं, आणि जागा संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे शेवटी ‘आदी’ लिहिलं होतं.

“हा मी,” त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “झाडाले धरून उभा हाव. अन् नावात मले ‘आदी’ केलं. मी उपसरपंच हाव, आदी नाई!”

मधुकरभाऊंनी त्यांना चहा पाजला. तरी पुढे बरेच दिवस त्या गावात लोक त्यांना आदीभाऊ म्हणत, असं कानावर आलं. तेव्हापासून फोटोओळीत ‘आदी’ लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

अशा कचेरीत अभिजित सर आले. साताऱ्याकडचे, पुण्यात शिकलेले, नवे उपसंपादक. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि शुद्धलेखनाचा भारी सोस. ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखं दिसायचं. माणूस मात्र सरळ. पहिल्या दिवसापासून मला म्हणाले, “प्रज्ञा, मला तुमची बोली शिकायची आहे.” मी त्यांना ‘मले’, ‘तुले’ शिकवलं. ‘काऊन’ शिकवलं. ‘बोडी’ शिकवायची राहिली, कारण तो शब्द कुणाला शिकवावा लागत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, वरच्या अंगाला मातीची पाळ घालायची आणि पावसाचं पाणी अडवायचं. पाऊस परतायला लागला आणि धान पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आलं की शेवटचं पाणी या बोडीतून द्यायचं. ते मिळालं तर भात, नाही तर नुसतं तणस, म्हणजे पेंढा. झाडीपट्टीतल्या कुठल्याही मुलाला हे चालता यायच्या आधी कळतं. पण साताऱ्याच्या माणसाने ते कुठून शिकावं?

त्या वर्षी गणपतीनंतर एक जबर पाऊस झाला आणि कुरखेड्यापलीकडच्या जांभूळटोल्याची बोडी फुटली. जंगलाच्या कडेचा छोटा टोला, म्हणजे वाडी. बोडीच्या अगदी खालची बांधी सगुणाबाईंची, आणि तिच्याखाली सगळ्या टोल्याच्या बांध्या. आता पाळ लगेच बांधली तर परतीच्या पावसाचं पाणी तिच्यात साठणार होतं. नाही बांधली तर तेही वाहून जाणार आणि उभं धान पोटरीतच वाळणार. लोकांनी माती टाकून पाहिली, ती टाकली तशी वाहून गेली. तिथे ट्रॅक्टरने मुरूम आणि दगडच हवा होता. सगुणाबाई दोन सरकारी कचेऱ्यांत जाऊन आल्या होत्या. बोडी जुनी. एक कचेरी म्हणे ती दुसरीची, दुसरी म्हणे पहिलीची. शेवटी त्या नानाजींच्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, पेपरात टाका.

नानाजींनी फोन लावला तेव्हा मी कॉलेजात चाचणी परीक्षा देत होते. फोन अभिजित सरांनी घेतला. पुढचं बोलणं मी ऐकलेलं नाही, पण दोघांनी आपापल्या बाजूने ते मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की मला ते पाठ झालं आहे.

“लिहा जी. जांभूळटोल्याच्या सगुणाबाईची बोडी फुटली.”

झेरॉक्सचं यंत्र खडखडतंय. अभिजित सरांनी क्षणभर विचार केला. बोडकं म्हणजे केस काढलेलं डोकं, तेव्हा बोडी म्हणजे डोकंच.

“अरेरे! पाण्यावरून का?”

“हाव जी, पान्यावरूनच. दुसरं कायवरून फुटते? वरच्या अंगानं धावून आलं, अन् एका दणक्यात फोडलं.”

“म्हणजे हल्लाच झाला की!”

“हल्लाच म्हना न जी.”

“खोक मोठी आहे?”

“लय मोठी खांड पडली. सारं वाहून चाललं, थांबतच नाई.”

“अहो, मग उपचार?”

“कोनी येऊनच नाई राह्यलं न! म्हातारी बाई सांगून सांगून थकली. आता तिथीच बसून हाय बिचारी, रडून राह्यली.”

आणि फोन कट झाला. आजही मी अभिजित सरांना दोष देऊ शकत नाही. फोन कट होईपर्यंत त्यांनी जमतील तेवढे ‘क’ विचारले होते आणि प्रत्येकाचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहात पेपर उघडला. गडचिरोलीच्या पानावर, वरच्या बाजूला, ठळक अक्षरांत: ‘पाण्याच्या वादातून हल्ला, वृद्धेचे डोके फुटले’. त्याखाली: ‘रक्तस्राव थांबेना, यंत्रणेने फिरवली पाठ’. गाव जांभूळटोला. मी दोनदा वाचलं, आणि मला आधी हसूच फुटलं. मग लगेच मी नानाजींना फोन लावला.

“नानाजी, बोडी फुटली होती ना?”

“हाव न, माय! अन् तुमच्या पेपरनं बाईचं डोस्कं फोडलं. मी जांभूळटोल्यातच हाव. इथी जत्रा भरून राह्यली!”

जत्राच होती. पोलिसांची जीप आली होती. रुग्णवाहिका आली होती. तलाठी आला होता. डोकं फुटूनही कुणी फिरकलं नाही असं पेपरात आल्यावर न येऊन करतात काय! बोडी आपली नाही म्हणणाऱ्या कचेऱ्यांपैकी एकीचे साहेबही आले होते. सगुणाबाई आपल्या अंगणात धान्य पाखडत बसल्या होत्या. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी पिशवीतून पट्टी बाहेर काढली आणि म्हणाले, डोकं दाखवा.

“पाहा जी,” म्हणून त्यांनी अंबाडा सोडला. “उवा बी नाईत.”

फौजदारांनी विचारलं, “बाई, घाबरू नका. कोणी फोडलं?”

“पान्यानं.”

“पाण्यावरून ते कळलं. पण कोणी?”

“पान्यानंच जी. चला, दाखवतो.”

त्यांनी सगळा लवाजमा बोडीवर नेला. जे लोक अर्ज करून, हातापाया पडून आले नव्हते, ते सगळे एकाच वेळी, स्वतःच्या पायांनी फुटलेल्या पाळीवर येऊन उभे राहिले. खांड, म्हणजे पाळीला पडलेलं भगदाड, पाहून फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. साहेबांकडे सगळे पाहू लागले. साहेब खाकरले. “बरं, दुरुस्तीचं मी बघतो,” असं ते म्हणणारच होते, निदान नानाजींना तसं आजही वाटतं. आणि नेमका त्याच वेळी नानाजींचा फोन वाजला.

फोन अभिजित सरांचा होता. कचेरीत एव्हाना चूक कळली होती, मधुकरभाऊ त्यांना ‘अहो अभिजितराव’ म्हणायला लागले होते, आणि बाईंची माफी मागायला त्यांनी फोन केला होता. नानाजींनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“बाई, चूक आमची आहे,” अभिजित सर कळवळून म्हणाले. “तुम्ही काळजी करू नका. दुरुस्ती आम्ही करतो. उद्याच करतो. ठळक करतो.”

सगुणाबाईंना ‘ठळक’ कळलं नाही, पण बाकीचं नीट कळलं. त्यांनी साहेबांकडे पाहून सांगितलं, “पेपरवाले करून देतो म्हनते, जी.”

साहेबांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. “मग प्रश्नच मिटला!” म्हणाले आणि जीपमध्ये बसले. पाच मिनिटांत पाळ मोकळी.

बाहेरच्यांसाठी आणखी एक गोष्ट. आमच्या धंद्यात दुरुस्ती म्हणजे चार ओळींची चौकट. चुकीचं काही छापलं की दुसऱ्या दिवशी, जमल्यास कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यात, ‘दुरुस्ती’ असा मथळा देऊन बरोबर काय ते छापायचं. अभिजित सरांनी शब्दाप्रमाणे ती ठळक केली. ‘काल या पानावर जांभूळटोला येथील वृद्धेचे डोके फुटल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ते बोडी फुटली असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष.

त्या दिवशी दुपारी फोनवर मीच होते.

“प्रज्ञा,” नानाजी म्हणाले, “तुमचे लोक कुठवर आले?”

“कोणते लोक?”

“दुरुस्तीवाले न माय. सकाळपासून सारा टोला पाळीवर बसून हाय. मजुरीले बी कोनी गेलं नाई.”

“नानाजी, दुरुस्ती तर छापली! पान चारवर, पाहा ना.”

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. मग नानाजी कुणाला तरी वाचून दाखवू लागले. त्यावर सगुणाबाईंचा आवाज, फोनपासून लांब, पण स्वच्छ: “हे तं कागदाची झाली. पाळीची?”

फोन ठेवून मी मधुकरभाऊंना जाऊन सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. मग हसणं थांबलं. साहेब आपल्या फोनमुळे निघून गेले, हे त्यांच्या लक्षात आलं. बाहेर आभाळ पांढरं पडत चाललं होतं. परतीचा पाऊस एकदा पडून गेला की पुढच्या जूनपर्यंत पाणी नाही, हे चंद्रपुरात बसलेल्या माणसालाही कळतं.

“सर, मी बातमीच्या दुरुस्तीबद्दल बोललो होतो,” अभिजित सर म्हणाले.

“शब्द एकच आहे, अभिजितराव. तुम्ही तो दिलात. आता जाऊन पाळा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू पण जा. नाहीतर हा आणखी कुणाचं काहीतरी फोडेल.”

आमची पेपरच्या गठ्ठ्यांची गाडी पहाटे निघायची. मूल, गडचिरोली, आरमोरी, वडसा करत कुरखेड्याला शेवटचा गठ्ठा. आम्ही दोघं गठ्ठ्यांवर बसून गेलो. माझ्या आयुष्यातली ती पहिली बाहेरची कामगिरी, आणि मला भीती वाटत होती. बातमीची नव्हे, त्या बाईंना तोंड दाखवण्याची. माझ्या घरचीही बांधी आहे. पोटरीतलं धान वाळताना घरातलं बोलणं कसं कमी कमी होत जातं, ते मी पाहिलेलं होतं.

कुरखेड्याहून पुढे जाऊन जांभूळटोल्यात गाडी थांबली. सगुणाबाई पुढे आल्या. ठेंगण्या, काटक, हातभर बांगड्या. “जोहार,” म्हणाल्या. अभिजित सर “नमस्कार” म्हणाले. बाईंनी गाडीच्या मागे जाऊन पाहिलं. आत पेपरच्या सुतळीचे तुकडे.

“मुरूम मागून येऊन राह्यला काय?” त्यांनी विचारलं.

अभिजित सरच पुढे झाले. “बाई, मुरूम नाही. आमच्याकडे दुरुस्ती म्हणजे चार ओळी असतात हो. मला समजलंच नाही तुम्ही काय समजलात ते.” त्यांनी हात जोडले. “मी फसवलं नाही तुम्हाला.”

मी ते झाडी बोलीत सांगितलं. जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. एक म्हातारबा गोंडीत काहीतरी म्हणाले, ते कौतुकाचं नक्कीच नव्हतं. सगुणाबाई मात्र अभिजित सरांच्या बुटांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “माहं डोस्कं तं उगाच फोडलं. आता आले तं चार ओळीत माती तरी भरा.” आणि त्यांच्या हातात घमेलं दिलं.

तो दिवस मला आठवला की आजही उगाच आनंद होतो. सगळा टोला कामाला लागला होता. बायका रिकाम्या गोण्यांत रेती भरत होत्या, पुरुष त्या खांडीत रचत होते, आणि मध्ये साताऱ्याचे उपसंपादक, पँट गुडघ्यापर्यंत वर, एक बूट चिखलात गेलेला, ओळीने घमेली पुढे देत. त्यांना दम लागला की बायका ओरडायच्या, “काऊन, पेपरवाले? ऱ्हस्व पडले काय?” ‘ऱ्हस्व’ हा शब्द बायकांना मीच मधल्या सुट्टीत पुरवला होता. संध्याकाळपर्यंत गोण्या बऱ्याच वर आल्या, पण मुरमाशिवाय त्या टिकणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. मी फोटो काढला आणि कुरखेड्याला नानाजींच्या दुकानात बसून पहिल्यांदा माझ्या नावाची बातमी लिहिली. बोडी कशाला म्हणतात, ती कुणाची नाही, आणि तिच्याखाली कुणाकुणाचं धान उभं आहे. बाईंचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. फोटोओळ मधुकरभाऊंनी स्वतः दिली: ‘जांभूळटोला येथे दुरुस्ती करताना आमचे उपसंपादक.’

पेपर जिल्हाभर गेला आणि हशा पिकला. पेपरवाले बोडी बांधतात आणि ज्यांचं काम ते कुठे आहेत, असं लोक चहाच्या टपरीवर विचारू लागले. दुसऱ्या दिवशी मुरमाचा ट्रॅक्टर आला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या कचेरीचाही ट्रॅक्टर आला, कारण बोडी मुळात त्यांची होती, असं त्यांचं म्हणणं पडलं. जी बोडी कुणाचीच नव्हती तिच्यावर आता दोघांचा हक्क. नानाजी सांगत होते की दोन्ही ड्रायव्हरांत मुरूम आधी कुणी टाकायचा यावरून बाचाबाची झाली. ती बातमी मात्र आम्ही फार जपून घेतली.

पाळ झाली, आणि पुढे पावसाचा पत्ता नाही. कचेरीत अभिजित सर दर तासाला खिडकीपाशी जायचे. टायरच्या दुकानावरच्या खिडकीतून कुरखेड्याचं आभाळ दिसत नाही, पण सांगणार कोण! दसऱ्याच्या तोंडावर एकदाचे ढग दाटले, रात्रभर कोसळले, आणि सकाळी नानाजींचा फोन आला. या वेळी ते अभिजित सरांनाच मागत होते.

“लिहा जी. बोडी भरली.”

“फुटली नाही ना?” सरांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून बसले. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

धान निघाल्यावर एक दिवस सगुणाबाई कचेरीत आल्या. नानाजींबरोबर, एसटीने, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. मधुकरभाऊंनी स्वतः उठून खुर्ची दिली. सगळी कचेरी त्यांच्याभोवती गोळा झाली. अभिजित सरांनी पाणी आणून दिलं. बाई ते प्यायल्या, त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि कामाचं बोलायला सुरुवात केली.

“ज्या पान्यानं बोडी भरली न जी, त्याच पान्यानं आमच्या नाल्यावरचा रपटा वाहून गेला. बैलबंडी निघत नाई, दवाखान्यात जाता येत नाई. बाळंतीन बाईले कसं न्यावं?”

“बातमी देऊ ना बाई,” अभिजित सर म्हणाले. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, हे त्यांना आता कुणी सांगावं लागलं नाही, आणि ते लगेच लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. ‘रपटा वाहून गेल्याने जांभूळटोलावासीयांचे हाल.’ गावाचं नाव बरोबर, नाल्याचं नाव बरोबर, बाळंतिणीची अडचण, सगळं आलेलं.

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. “अन् पाय?” त्यांनी विचारलं.

“कुणाचा पाय?”

“कोनाचा तरी मोडा न जी. माहाच मोडा. मी म्हातारी, मले काई फरक पडत नाई.”

कचेरीत असा हशा उठला की खालच्या टायरवाल्याने वर येऊन पाहिलं. अभिजित सर तर डोळे पुसत होते. बाईही थोड्या हसल्या. मग आमचं हसणं संपेपर्यंत थांबल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

“पाय नाई मोडत तं,” त्या म्हणाल्या, “कोन येईन जी?”

मधुकरभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. खरं छापायचं एवढंच आम्ही शिकलो होतो. खरं छापल्यावर कुणी यायचं, हे कुठल्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं, आणि ती बाई उत्तराची वाट पाहत समोर बसली होती.

“मी येतो न, जी,” अभिजित सर म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा पेपरच्या गठ्ठ्यांवर बसून निघालो. नाल्यापाशी गाडी थांबली, पुढे रस्ताच नव्हता. पलीकडच्या काठावर सगुणाबाई घमेलं घेऊन उभ्या होत्या. सरांनी बूट काढून हातात घेतले आणि पाण्यात पाय टाकला.